फितीचं दुसरं टोक

मुठीतला गोळा लिंबाएवढा झाला होता. त्याला धूळ, कुणाचे तरी लांब केस आणि कुठल्याशा जुन्या नाटकाच्या पोशाखावरून गळलेली एक चमकी चिकटली होती. तो आणखी दाबून गोल करावा की कचऱ्याच्या डब्यात नेम धरून टाकावा, असा गहन प्रश्न पोरीला पडला होता. तेवढ्यात मावशी विंगेतून बाहेर आली, स्टेजच्या मधोमध थांबली, आपल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, “खुणा कुठे गेल्या गं?”

एवढंच. आवाज चढवला नाही की कपाळाला हात लावला नाही. पण जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं पोरीला झालं. तिने जमिनीकडे पाहिलं. खरंच की. सकाळी नऊ वाजता या काळ्या लाकडी जमिनीवर बोटाएवढे चिकटपट्टीचे तुकडे होते. टेबल-खुर्चीच्या पायांचे लाल, थोरल्या बहिणीच्या जागांचे पिवळे, धाकटीचे निळे, आणि अगदी पुढे, काठाजवळ, अंधारात हिरवट चमकणारा तो एकुलता एक तुकडा. आता जमीन कशी, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी. आणि ही सगळी नाटकाची वाट, कुणी कुठे थांबायचं, कुठे वळायचं, अंधारात पाय कुठे टाकायचा, ती तिच्या मुठीत, लिंबाएवढी. घरी तिला धांदल म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने म्हणजे तिच्या दादाने फार विचार केला नव्हता, पण हल्ली धांदलला वाटू लागलं होतं की हे नाव आता आपल्याला आखूड होतंय, मागच्या वर्षीच्या फ्रॉकसारखं. ते नाव आता कसं परत मापात आलं, अगदी बटणं लावून.

वाईट हेतू काहीच नव्हता, हेच तर वाईट. स्टेजवर गेल्या वर्षीच्या, त्याच्या आधीच्या, देव जाणे किती नाटकांच्या खुणांचे मेलेले तुकडे होते, आणि हॉलला पैसे देणाऱ्या निधीवाल्यांच्या पत्रात ‘स्वच्छ व सुस्थितीतील जागा’ असे शब्द होते, आणि कला व्यवस्थापन शिकवणाऱ्या सरांनी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ती बसली ती जुने काढायलाच बसली. पण चिकटपट्टी नखाने उचकटण्यात खपली काढण्याचं सुख आहे. आधी कोपरा उठतो, मग सगळं अंग सोडवून घेत ती वर येते, आणि जाताना बारीक कुरकुरते. दहा काढल्या, वीस काढल्या, गुणगुणत गुणगुणत ती कालच्या उजेडात शिरली, आणि हात पुढे गेले, डोकं मागे राहिलं. काल सहा तास ती इथे उभी होती. थोरलीचं काम करणाऱ्या बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, धाकटीला ताप होता, आणि लाइट लावायचे तर दिव्याखाली कुणीतरी उभं हवं. दिग्दर्शक म्हणाले, “व्यवस्थापनाची मुलगी आहे ना, उभी राहा.” मग ती थोरली झाली, धाकटी झाली, आणि टेबलखुर्ची अजून रंगवायची होती म्हणून शेवटी शेवटी गुडघे वाकवून खुर्चीसुद्धा झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला इतका वेळ एका जागी उभं ठेवलं होतं आणि तिचं काही पडलं नव्हतं, सांडलं नव्हतं, मोडलं नव्हतं. रात्री झोपेतही तिच्या डाव्या कानावर ऊन पडत होतं.

“मापं घेतलीस ना पण?” मावशीने विचारलं. “वहीत असतील तर काही बिघडलं नाही.”

वहीत ‘लाल खूण – खुर्ची’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि शेजारी एका खुर्चीचं चित्र होतं, चांगलं काढलेलं. माप नव्हतं. मापासाठीच ती नऊला आली होती, सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या हाताने कुलूप उघडून. कुलूप उघडताना आपण फार मोठ्या झालो असंही वाटलं होतं. पण मापाची फीत एकटीला धरता येईना. एक टोक भिंतीशी ठेवून त्यावर चप्पल ठेवली, तर चप्पल फितीबरोबर चालत आली. बादली ठेवली, तर बादलीही थोडी विचार करून निघाली. शेवटी फीत सटकन गुंडाळत तिच्या बोटांवर आपटली, आणि ती म्हणाली, जाऊ दे, कुणी आलं की घेऊ, तोवर झाडून घेऊ. हे तिने आता मावशीला सांगितलं. बादलीसकट सांगितलं.

मावशी त्या रंगमंचाची व्यवस्थापक, आणि अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात ज्या तासापुढे ‘प्रत्यक्ष काम’ लिहिलेलं असे तो तास तिचा. केस पांढरे, खिशात कायम एक पेन्सिल, एक पाना आणि एक लवंग. ती म्हणाली, “मी ओरडत नाही. ओरडायला वेळ लागतो. किती वाजले?”

अकरा वाजले होते. चार वाजता निधीवाले तिघं येणार होते. दोन वर्षं त्यांच्या निधीवर हा छोटा हॉल मुलांच्या ताब्यात होता. तिकिटं मुलं फाडायची, पडदा मुलं ओढायची, पोस्टरवरचा शाईचा डाग मुलंच कुठल्यातरी कलेत बसवायची. आज ते स्वतः पाहून लिहिणार होते की मुलं खरंच कामातून शिकतात का. नाही असं लिहिलं तर जूनपासून हॉल बंद, आणि कला व्यवस्थापन म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, पंख्याखाली, छापील टिपणं. धांदलने ती टिपणं पाहिली होती. ‘प्रेक्षक म्हणजे काय? प्रेक्षकांचे प्रकार सांगा.’ तिला एकदम बाबांचं दुकान आठवलं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. कपाटाएवढं दुकान, एक स्टूल, एक वाकलेला दिवा. शाळेतून ती थेट तिथे जायची आणि दिव्याच्या इतक्या जवळ वाकायची की कान तापायचा. उघड्या घड्याळाच्या पोटात पितळी चाकं हळूहळू श्वास घेत असायची. “बघ,” बाबा म्हणायचे, “हात नको लावू.” बाबा चिडके नाहीत, उलट फार मऊ आहेत, म्हणून ते वाक्यही मऊ होतं, मखमलीच्या डबीसारखं, आणि त्या डबीत ती बारा वर्षं बसली होती. बघ, हात नको लावू. इथे नाव घातलं तेव्हाही बाबा म्हणाले होते, “व्यवस्थापन म्हणजे हुकूम सोडायचे ना? मग पहिल्या दिवशी झाडू कसा दिला तुला?” आणि तिने तोऱ्यात सांगितलं होतं, “बाबा, तिथे हात लावू देतात.” आता लावला हात.

सर आले, ऐकलं, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “हे त्यांना कळता कामा नये.” दिग्दर्शकांना फोन लावला. ते सकाळच्या गाडीने पुढच्या कामाला निघाले होते, मागे डब्याचा खडखडाट, आणि त्यातून त्यांचा सुखी आवाज: “मला काय माहीत जागा कुठे होत्या? त्या मुलीला विचारा. ती उभी होती.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. म्हणजे सगळे दोघंच होते, पण तिला भरलं थिएटर वाटलं.

उजेडकाका जेवणाच्या डब्यासकटच बोलावले गेले. दिव्यांचं सगळं त्यांच्याकडे. बोलणं कमी, आणि जे आहे ते दिव्यांशी. त्यांनी पहिला दिवा लावला आणि जमिनीवर चादरीएवढा पिवळा उजेड पडला. “चादर मी दिली,” काका वरून म्हणाले, “चादरीत बाई कुठे झोपली होती ते तू सांग. काल काय म्हणालो होतो?” काल काका म्हणाले होते, डोळे मीट, दिवा चेहऱ्यावर कुठे टोचतो ते बघ, मग थोडं उघड, नाकाची सावली वरच्या ओठावर आली की समज तू घरी पोचलीस. तिने डोळे मिटले. चादरीत शिरली. आधी नुसतं ऊबदार धुकं होतं, पापण्यांच्या आत नारिंगी, तळ्यात पोहताना वर सूर्य असावा तसं. तिने अर्धं पाऊल डावीकडे टाकलं आणि कान तापला. हा कान तिला ओळखीचा होता. हा दुकानातला कान, वाकलेल्या दिव्याजवळचा, पण इथे कुणी ‘हात नको लावू’ म्हणत नव्हतं, आणि कालही याच जागी तिला हेच वाटलं होतं, नेमकं हेच, आणि तेव्हा टाचेखाली लाकडाचा एक सांधा होता. आहे का? आहे. “इथे,” ती म्हणाली. मावशीने वाकून पिवळी पट्टी लावली आणि विचारलं, “आता आधी काय?” “माप,” धांदल म्हणाली. मावशीने फितीचं एक टोक भिंतीशी धरलं, दुसरं तिच्या हातात दिलं, आणि ती दिसायला इतकी साधी गोष्ट होती, दोन माणसं आणि मधे एक ताणलेली रेघ, की धांदलला उगाचच रडू यायला लागलं. तिने आकडा लिहिला. पुढची चादर. इथे उजेड थंड होता, निळसर, गालावर ओला हात ठेवल्यासारखा. इथे काल तिला शिंक आली होती आणि दिग्दर्शक म्हणाले होते, थोरली शिंकत नाही. शिंकेची जागा सापडली. मग खुर्ची. खुर्ची होण्यासाठी तिने गुडघे वाकवले, मांड्या थरथरल्या आणि त्या थरथरीनेच सांगितलं, अजून वीतभर मागे. असं एक एक करत ती कालच्या स्वतःला गाठत गेली. मधेच वाटायचं, कालची ती अजून तिथे उभीच आहे, आपण फक्त जाऊन तिच्या आत बसतोय, मापाच्या कपड्यात शिरावं तसं.

अडीच वाजेपर्यंत सगळ्या खुणा झाल्या. एक सोडून.

ती हिरवी. तिच्यावर दिवाच नव्हता, कारण ती अंधाराची होती. नाटकात दोन बहिणी एका घरात वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलता राहतात. शेवटी सगळे दिवे जातात, थोरली मिट्ट काळोखात चालत स्टेजच्या अगदी काठाशी येते आणि बोलते. आधी ही जागा मधोमध होती. कालच दिग्दर्शकांनी ती पुढे आणली, आवाज लोकांच्या मांडीवर पडला पाहिजे म्हणाले. काठाच्या पलीकडे माणसाच्या कमरेएवढी खोली आणि खाली फरशी. अंधारात कान तापत नाही. धांदल काठाशी उभी राहिली, डोळे मिटले, उघडले, दोन्ही सारखंच. काल इथे ती दमली होती, एवढंच आठवत होतं. इथे येऊन पाणी प्यायली होती, कुणी काही म्हणत नव्हतं, फार बरं वाटलं होतं. बरं वाटण्याला माप नसतं. टीचभर इकडे की वीतभर तिकडे? आणि गोळ्यातून तिने तो हिरवा तुकडा सोडवला तेव्हा तो केसांनी, धुळीने भरलेला. पुसता पुसता चमक निघून गेली, नखाएवढी शिल्लक राहिली. नवं रीळ नव्हतं. “लाव कुठेतरी मागेच,” सर म्हणाले, “आणि बाईंना काही बोलू नकोस. उगाच घाबरतील.”

थोरलीचं काम करणाऱ्या बाई तीनला आल्या. सत्तरीच्या, बारीक, चालताना जमिनीला त्रास होऊ नये अशा चालणाऱ्या. चष्मा जाड. नाटकात चष्मा नव्हता. आरशासमोर बसून त्या चष्मा काढून पत्र्याच्या डबीत ठेवत होत्या, आणि धांदल दारात उभी होती, आणि तिच्या तोंडात सरांचं वाक्य होतं, गिळायला अगदी तयार, मऊ, मखमली. किती सोपं होतं. न सांगणं म्हणजे हातच न लावणं. मग तिला बाईंची पावलं दिसली. चपलेबाहेर काढून एकावर एक ठेवलेली, अंगठ्याची नखं जुन्या नाण्यांसारखी. ही पावलं अंधारात चालणार आणि धांदल सांगेल तिथे थांबणार.

“आजी,” ती म्हणाली. मग सगळं सांगितलं. गोळा सांगितला, बादली सांगितली. “बाकीच्या खुणा नक्की आहेत. ती पुढची नक्की नाही. मला आठवत नाही ती. आणि पट्टी एवढीशीच उरलीय.” तिने नख दाखवलं.

बाईंनी तिचा हात डोळ्यांजवळ नेला, पार नाकाशी. “एवढीशी मला दिसायची नाही.”

“हो.”

“मोठी असती तरी काल-परवापासून दिसते का कोण जाणे. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकलाय. आंबा आहे का तो?” त्यांनी चष्म्याची डबी मिटली. बाहेर सर कुणालातरी खुर्च्या सरळ करायला सांगत होते. “एक आहे पण. थांबलेलं मला दिसत नाही. हललेलं दिसतं. घरात मांजर दिसत नाही, शेपूट दिसतं. तू कुठे असतेस त्या वेळी?”

“विंगेत. पडद्याच्या दोरीशी.”

“दोरी दुसऱ्याला दे. तू खाली ये, काठाशी. पट्टी नखावर लाव आणि बोट हलव. मी शेपटामागे येते. पायाला हात लागला की थांबेन.” मग चिमटा काढावा तसं म्हणाल्या, “हात काढायचा नाही हां, गुदगुल्या झाल्या तरी.”

मावशीने ऐकलं आणि दोरी स्वतःकडे घेतली. सर म्हणाले, “अहो पण पाहुणे पहिल्याच रांगेत आहेत, ती त्यांच्या पायाशीच बसणार का?” मावशी म्हणाली, “बसेल. बारीक आहे.”

आणि ते आले, तिघं, हातात जाड फायली, त्यातल्या एक बाई पेन्सिलवाल्या. वाकून बसलेल्या मुलीकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आपले पाय थोडे मागे घेतले. नाटक सुरू झालं. धांदलने ते खालून पाहिलं, फक्त पावलं आणि कडा, आणि तिला कळलं की नाटक खालून पाहिलं तर ते सगळं खुणांचंच असतं. थोरलीची पावलं पिवळीवर आली आणि उजेडात ठरली. शिंकेच्या जागी आली, ठरली. खुर्ची आपल्या चार लाल खुणांवर अशी बसली जशी तिथेच उगवली होती. धांदल आत कुठेतरी प्रत्येक जागी पुन्हा उभी राहत होती. नखावरची पट्टी तिने मगाशी काकांच्या दिव्याखाली धरून ठेवली होती, उजेड पाजला होता; आता मूठ मिटून तो उजेड सांडू नये म्हणून बसली होती.

मग दिवे गेले.

काळोख इतका आला की कानात भरला. मागे कुणीतरी खुर्चीत सावरून बसलं. धांदलने मूठ उघडली आणि हात लांब करून काठावर ठेवला, तळवा लाकडावर पालथा, आणि अंगठा हलवला. एक हिरवा ठिपका, काजव्याच्या पिलाएवढा, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे. तो आपलाच अंगठा आहे हे तिला खरं वाटेना. तो कुठेतरी फार लांब होता, समुद्रातल्या होडीवर, नाहीतर बाबांच्या डोळ्याला लावलेल्या भिंगाच्या आत, जिथे सगळ्यात लहान चाक थांबत नाही, आणि कोणीतरी, ती स्वतः असेल, म्हणत होतं बघ, बघ, बघ. पावलं ऐकू आली. पाच. सहा. मग थांबली. धांदलचा श्वास थांबला, अंगठा थांबला. लगेच तिच्या लक्षात आलं, थांबलेलं दिसत नाही. तिने अंगठा हलवला, जोरात, नखातून जीव काढल्यासारखा. सात. लाकूड बारीक कुरकुरलं. आठ. आणि तिच्या बोटांवर एक पाऊल येऊन टेकलं, कोरडं, ऊबदार, वजन न टाकता, अंगठ्याशी अंगठा.

पाऊल थांबलं. वर, फार वर, अंधारातून आवाज आला, “झोपलीस का?”

नाटकातलंच वाक्य होतं, वर्षानुवर्षांच्या अबोल्यानंतर थोरलीने धाकटीला विचारलेलं, रोजच्यासारखं. धांदलने ते तालमीत चौदा वेळा ऐकलं होतं. तरी तिने अंधारात मान हलवली. नाही. जागी आहे.

टाळ्या संपल्या, उजेड आला, लोक उठले, सर मान पुसत पाहुण्यांच्या दिशेने निघाले. पण पेन्सिलवाल्या बाई उठल्या नव्हत्या. त्यांनी धांदलकडे वाकून विचारलं, “तू नाटकात होतीस का?”

“नाही. मी व्यवस्थापनाला आहे.”

“मग हात का ठेवला होतास?”

सर दोन खुर्च्यांच्या अंतरावर येऊन थबकले होते. धांदलने त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. त्यांवर पावलाची थोडी पावडर होती. “खुणा मीच काढून टाकल्या सकाळी,” ती म्हणाली, “चुकून. मापं न घेता. बाकीच्या परत सापडल्या. ही सापडली नाही, म्हणून हात ठेवला.”

बाईंनी लिहिलं. वेळ लावून लिहिलं. कागदावर आधी ‘काढल्या’ आलेलं तिला उलटं वाचता आलं, मग खाली दुसरी ओळ, त्यात ‘हात’. पहिली ओळ त्यांनी खोडली नाही. त्यावर त्या काय ठरवणार होत्या, ते चेहऱ्यावर नव्हतं.

पण धांदल आता थांबू शकत नव्हती, कारण जागा विसरायच्या आत घ्यायला हवी होती. ती एका हाताने काठावर चढली. पहिला हात तिने तिथेच ठेवला होता, अजूनही, आजी निघून गेल्यावरसुद्धा. दुसऱ्या हाताने नखावरची पट्टी सोडवली आणि बोटांच्या पुढे लाकडावर दाबून बसवली. मग गुडघ्यावर बसून वही उघडली, फीत काढली, आणि तिचं टोक भिंतीच्या दिशेने ओढत असताना तिला बादली आठवली. मावशी आत आजींना चष्मा देत होती. काका वर दिवे मालवत होते. तिने इकडेतिकडे पाहिलं.

“कुठे धरायचं?” मागून आवाज आला. पेन्सिलवाल्या बाईंनी फाईल खुर्चीवर ठेवली होती आणि चपला काढून त्या जिन्याने वर येत होत्या.

“भिंतीशी,” धांदल म्हणाली. “अगदी टेकवून. आणि सोडू नका, नाहीतर बोटांवर बसते.”